व्हिसा असूनही परत का पाठवतात?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत आहे. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण आहे. आम्हा दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला आहे. घरात आम्ही अहिराणी बोलतो, हिंदी जेमतेम आणि इंग्रजी मुळीच नाही. व्हिसा असला तरी विमानतळावरून परत पाठवतात असं ऐकलं. खरं आहे का? तिथे काय विचारतात? (अमळनेर)

उत्तर : हो, खरं आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं का आणि किती दिवसांसाठी, हे विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. पण घाबरण्याचं कारण नाही. प्रश्न साधेच असतात : कुणाकडे चाललात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट कधीचं, खर्च कोण करणार, सामानात खाण्याचं काय आहे.

घोटाळा बहुतेक वेळा एका शब्दाने होतो. आपण सहज म्हणतो, ‘मुलीकडे बाळंतपणाचं काम आहे’ किंवा ‘तिला कामात मदत करायला चाललो’. दुभाष्याने यातल्या ‘काम’चं भाषांतर नोकरी असं केलं की अधिकाऱ्याचे कान टवकारतात, कारण पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणून जे खरं आहे तेच नीट सांगा : ‘मुलीचं बाळंतपण आहे, तिला भेटायला आणि सोबत राहायला आलो, अमुक तारखेला परत जाणार.’ ‘बघू, जमेल तितके दिवस राहू’ हे उत्तर कधीच देऊ नका. तिकिटावर चार महिने आणि तोंडी सहा महिने, असंही नको. व्हिसाच्या फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं ते घरून निघण्याआधी मुलाकडून किंवा एजंटकडून वाचून घ्या. तोंडचं उत्तर आणि फॉर्म जुळला नाही तर पुढे विचारपूस वाढते.

भाषा येत नसेल तर शांतपणे ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढं म्हणा. फोनवरून दुभाषी जोडून देतात. न समजलेल्या प्रश्नाला मान हलवून ‘येस, येस’ करणं सगळ्यात घातक. ‘तुम्ही इथे काम करणार का?’ याला ‘येस’ म्हणून बसलात, तर ते कागदावर उतरतं.

मुलीचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेला कागद, तिचं पत्र, तिच्या व्हिसाच्या कागदाची प्रत, परतीचं तिकीट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह गोळ्या मूळ पाकिटात, हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा खिडकी ओलांडल्यावर मिळतात, त्यामुळे त्यातले कागद ऐन वेळी उपयोगाचे नाहीत.

कधी बाजूच्या खोलीत बसवतात. तिथे बसवलं म्हणजे परत पाठवलं असं नव्हे, पुष्कळ जण चौकशीनंतर आत जातात. पण तिथे प्रश्नोत्तरं लिहून घेतात आणि पानावर सही मागतात. दुभाष्याकडून ओळन् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. या टप्प्यावर वकील मिळण्याचा हक्क सहसा नसतो. प्रवेश नाकारायचाच ठरला तर दोन वाटा असतात. एक, प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेणे. यात तो व्हिसा बहुधा रद्द होतो, पण पुढे पुन्हा अर्ज करता येतो. दुसरी, तातडीने हद्दपारीचा आदेश. त्यात साधारण पाच वर्षं बंदी येते. अर्ज मागे घेऊ द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, तरी नम्रपणे विचारायला हरकत नाही. खोटं बोलणं सिद्ध झालं तर मात्र बंदी कायमची असते. मुलांनी वडीलधाऱ्यांना भलत्या उत्तरांची घोकंपट्टी करून पाठवू नये, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

आत गेल्यावर आठवडाभरात मुलीला तुमचं ‘आय-९४’ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) ऑनलाइन बघायला सांगा. त्यावरची तारीख ही तुमच्या मुक्कामाची मुदत, व्हिसावरची दहा वर्षं नव्हे. ती बहुधा सहा महिन्यांची असते. जास्त थांबायचं असेल तर ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षं बंदी लागते.

प्रश्न : अधिकारी फोन उघडायला सांगू शकतो का? (नंदुरबार)

उत्तर : अमेरिकेत हो. परदेशी पाहुण्याने नकार दिला तर फोन ठेवून घेऊ शकतात आणि प्रवेशही नाकारू शकतात. ‘तिकडे गेल्यावर नोकरी बघतो’ असा एक व्हॉट्सॲप मेसेजही पर्यटक म्हणून आलेल्याच्या विरोधात जातो.

प्रश्न : माझा पुतण्या मित्रासोबत बँकॉकला गेला होता, त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं. आता त्याचा पासपोर्ट खराब झाला का? (धुळे)

उत्तर : नाही. प्रवेश नाकारणं म्हणजे गुन्हा नव्हे. पण पुढे कुठल्याही व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘कधी प्रवेश नाकारला होता का?’ असं विचारलं, तर ‘हो’ लिहून कारण द्यायचं. लपवलेलं सापडलं तर ते मूळ नकारापेक्षा महागात पडतं. त्याला कारणाचा कागद दिला असेल तर तो जपून ठेवायला सांगा.

अशा वेळी ज्या विमान कंपनीने नेलं तिनेच परत आणायचं असतं. तो खर्च कंपनी प्रवाशाकडून वसूल करू शकते. नकाराची नेहमीची कारणं म्हणजे परतीचं तिकीट नसणं, हॉटेलचं बुकिंग दाखवण्यापुरतं करून रद्द केलेलं असणं, खिशात पुरेशी रोकड नसणं आणि दोन मित्रांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगणं. १ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. ते मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

एक गोष्ट काळजीची. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी लावतो म्हणून तरुण पोरांना पर्यटक म्हणून न्यायचं आणि तिथून म्यानमारच्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबायचं, असे प्रकार झाले आहेत. त्यामुळे मुंबईच्या विमानतळावर आपलेच अधिकारीही तरुणांना खोदून विचारतात. पुतण्याला हे तिकीट कुणी काढून दिलं होतं, तेवढं घरात बसवून विचारा.

प्रश्न : आमची केळी निर्यात होते. एक परदेशी खरेदीदार बाग आणि पॅकहाऊस पाहायला येणार आहेत, मुक्काम आमच्या घरी. त्यांनी पर्यटकाचा ई-व्हिसा काढू का असं विचारलं आहे. (रावेर)

उत्तर : नको. सौदा करायला येणाऱ्याने ई-बिझनेस व्हिसाच काढावा. पर्यटक व्हिसा दाखवून खिडकीवर ‘केळीची खरेदी’ असं सांगितलं तर अडचण तिथेच सुरू होते. त्यांचा देश ई-व्हिसाच्या यादीत आहे का ते आधी बघा. अर्ज किमान चार दिवस आधी, आणि फक्त सरकारी संकेतस्थळावर. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे उकळतात. अर्जासोबत त्यांचं व्हिजिटिंग कार्ड आणि तुमच्या फर्मचं लेटरहेडवरचं पत्र लागतं. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आणि दोन पानं कोरी हवीत. मंजुरीनंतर पासपोर्ट बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही सोबत आणावेत. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं, मुंबई त्यात आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-आगमन पत्र सुरू झालं आहे. तेही पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत भरायचं, फुकट.

अर्जात भारतातला संपर्क म्हणून तुमचा नंबर असेल. विमान रात्री दोनला उतरणार असेल तर फोन चालू ठेवून जागे राहा. अधिकाऱ्याने खात्रीसाठी फोन केला आणि तुम्ही उचलला नाही, तर पाहुणा तिथेच अडकू शकतो. त्याला सॅटेलाइट फोन आणू नको असं आधीच कळवा, परवानगीशिवाय तो जप्त होतो आणि माणूसही अडकतो.

आता तुमची जबाबदारी. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. लोक याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. हॉटेलला लागू तसाच हा नियम खासगी घरालाही आहे. त्यासाठी आधी तुमच्या घराची नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं, म्हणून पाहुणा यायच्या आठवडाभर आधीच हे काम उरका. अडलं तर जळगावच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक शाखेत जा, जिल्ह्यात विदेशी नोंदणी अधिकारी म्हणून पोलीस अधीक्षकच काम पाहतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे स्पष्ट फोटो पाहुण्याकडून आधीच मागवून ठेवा.

प्रश्न : दुबईला मुलाकडे जाताना काळा मसाला, बिबड्या, कळण्याचं पीठ नेता येईल का? (शिरपूर)

उत्तर : बिबड्या आणि पीठ न्या. मसाल्याचं मात्र आधी तपासा. त्यात खसखस असेल तर एक चमचाही नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत खसखस अमली पदार्थ म्हणून बंदी असलेली वस्तू आहे, तिथे गोष्ट दंडावर थांबत नाही. मसाल्याच्या गिरणीत मसाला दळून आणला असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाची खसखसही त्यात मिसळलेली असू शकते. मुलासाठी घरी, खसखस न घालता, मिक्सरवर वेगळा करा.