आधी हवा बघ, मग सस्पेन्शनला शिव्या दे

नवी एसयूव्ही दणके देते म्हणून लगेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायला धावू नकोस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेच्या दाबाचा आकडा असतो, बहुतेक ३२ ते ३५ पीएसआय. पंपावरचा पोरगा सवयीने ४० मारतो, मग चिपळूणपर्यंत कंबर बोलणारच! हवा टायर थंड असतानाच मोज. कुंभार्ली घाट चढून आल्यावर टायर तापून तीन-चार पीएसआय जास्त दिसली तर काढू नकोस. आंब्याच्या पेट्या आणि पाच माणसं असतील तर स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा धर. मऊ चालावी म्हणून २५ वर मात्र आणू नकोस, टायर तापतो, खड्ड्यात रिम वाकते.

मोठ्या रिमचा मोह टाळ. टायरची भिंत बुटकी झाली की दणका थेट आत. ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारे टायर, दिसतात झकास, पण कडक आणि आवाजी; रोज जांभ्याचा कच्चा रस्ता नसेल तर हायवे टायरच घे.