बो-शिकारीसाठी क्लायंबर घेताना आधी झाडं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पहिलाच आर्चरी सीझन (धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम), स्टेट गेम लँडवर (शिकारीला खुल्या सरकारी जंगलात) गाडी लावून दीड-दोन किलोमीटर चालायचं, स्वतःचं वजन ९५ किलो, हातात कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य). मग क्लायंबर, म्हणजे माणसाला घेऊन खोडावर सरकत चढणारं मचाण, घेताना समिट कंपनीचा पुढून मोकळा असलेला ओपनशॉट घ्यावा (साधारण ७ किलो) की पुढे आडवा दांडा असलेला व्हायपर (साधारण ९ किलो)? दोन किलोंचा फरक एवढा महत्त्वाचा आहे का?

माझं मत: पहिल्या सीझनला दांडा असलेला घ्या. पण त्याआधी ज्या जंगलात बसणार आहात तिथे शिंप्याची टेप घेऊन एक चक्कर मारा. क्लायंबर हे मचाण प्रत्येक झाडाला चालत नाही, आणि तुमच्या पट्ट्यात त्याला चालणारी झाडंच नसतील तर दोन्ही मॉडेल निरुपयोगी आहेत.

यंत्राची रचना समजली की निवड सोपी होते. वर बैठक आणि खाली पावलांखालचा प्लॅटफॉर्म, असे दोन सुटे सांगाडे असतात. प्रत्येकाची केबल किंवा पट्टा खोडाला मागून वळसा घालतो, आणि पुढच्या बाजूचे दाते सालीत रुततात. तोंड झाडाकडे ठेवून, वरच्या भागावर भार टाकून पायांनी खालचा भाग उचलायचा. मग खालच्यावर उभं राहून वरचा सरकवायचा. एका खेपेला वीत-दीड वीत उंची मिळते, म्हणजे सहा मीटरला वीस-पंचवीस खेपा. कोकणात किंवा गोव्यात माडावर चढायचं बसकं यंत्र पाहिलं असेल तर तत्त्व तेच. मात्र माडाचं खोड तळापासून शेंड्यापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं आणि त्याला फांद्या नसतात. अमेरिकेतलं ओक किंवा ट्यूलिप पॉप्लर वर जाताना निमुळतं होतं, आणि क्लायंबरच्या निम्म्या अडचणी त्या निमुळतेपणातून येतात.

आता टेप. बहुतेक क्लायंबर २० ते ५० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला बसतात. सोयीचा पल्ला २५ ते ४०, म्हणजे छातीच्या उंचीवर घेर ८० ते १२५ सेंटिमीटर. खोड सरळ हवं, जिवंत हवं आणि सहा मीटरपर्यंत फांदी नको. गेम लँडवर झाडाला इजा करायला परवानगी नाही, त्यामुळे "अडली फांदी तर तोडू" हा हिशेब करू नका. ट्यूलिप पॉप्लर मिळालं तर उत्तम, सरळ वाढलेला रेड ओकही छान. शॅगबार्क हिकरी लांबून देखणी सरळ दिसते, पण तिची साल लांब पट्ट्यांनी सुटलेली असते. दाते खोडात न रुतता त्या सुट्या पट्टीत रुततात, पट्टी निघाली की सांगाडा घसरतो, शिवाय करकर अख्ख्या टेकडीला ऐकू जाते. बीच आणि अ‍ॅस्पन गुळगुळीत, ओले असले तर सोडूनच द्या. आणि अ‍ॅश झाडाला हात लावू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनात सापडला, तेव्हापासून पूर्वेकडची अ‍ॅश झाडं मोठ्या प्रमाणावर मेली आहेत. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, तीन-चार मिलिमीटरची भोकं दिसली तर तोच. मेलेलं अ‍ॅश ठिसूळ असतं, वरून न दिसता आतून तुटतं.

अशी तीन-चार झाडंसुद्धा तुमच्या पायवाटांजवळ मिळाली नाहीत, तर क्लायंबरचा नाद सोडून हँग-ऑन (खोडाला टांगायचं मचाण) आणि स्टिक्स (चढायच्या पायऱ्या) किंवा सॅडल (झाडाला टेकून बसायची पट्ट्यांची झोळी) बघा. दक्षिणेत जॉर्जिया-अलाबामाच्या लावलेल्या पाइन जंगलात क्लायंबर राजा आहे. उत्तरेच्या मिश्र जंगलात तो प्रत्येक वळणावर चालेलच असं नाही.

झाडं आहेत असं धरून पुढे जाऊ. वजनमर्यादा बघताना स्वतःचं उघडं वजन धरू नका. ९५ किलोत कपडे-बूट ५, बाणांसकट बो ३, पिशवी ५ मिळवा: १०८ किलो. दोन्ही मॉडेलची मर्यादा ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो. तिथे अडचण नाही. हार्नेसच्या (पडताना धरणाऱ्या, अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या) लेबलवरची मर्यादाही तशीच तपासा, ती वेगळी असू शकते.

खरा फरक चढण्यात आहे. पुढचा दांडा फक्त टेकायला नसतो. चढताना झाडाकडे तोंड करून त्याच्यावर चक्क बसता येतं, आणि मांड्यांवर भार घेऊन पाय मोकळे होतात. पुढून मोकळ्या मॉडेलमध्ये तो भार दोन्ही हातांवर येतो. घरीच परीक्षा घ्या: दोन भक्कम, न हलणाऱ्या आधारांवर हात टेकून शरीर उचला, पाय गुडघ्यांत वाकवा, दोन सेकंद थांबा. असं न थांबता वीस वेळा जमलं तर ओपनशॉट घ्या आणि दोन किलो कमी वाहा. बाराव्या वेळेला हात थरथरले तर तेच थरथरणं चार मीटरवर, अंधारात, जाड जॅकेट घालून होणार आहे.

दांड्याविरुद्ध धनुर्धाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. बसून बो ताणली की खालचा कॅम, म्हणजे धनुष्याच्या टोकाचं चाक, दांड्याला लागतो. त्यावर उपाय म्हणजे वर पोचल्यावर बैठक जरा खाली ठेवणं. दांडा गुडघ्याच्या वर हातभर न येता गुडघ्यालगत आला पाहिजे, आणि बाण उभं राहून सोडायचा. उभं राहून मारण्याचा सराव अंगणात आधी करा. उजव्या हाताने ताणत असाल तर हरणाची वाट तुमच्या डावीकडे पडेल असं झाड आणि तशी बाजू निवडा. उजवीकडच्या हरणासाठी अख्खं शरीर फिरवावं लागतं, आणि त्या हालचालीतच ते निघून जातं.

उंचीचा हव्यास नको. सहा मीटर उंचीवरून अठरा मीटरवरच्या हरणाला कोन सुमारे १८ अंश पडतो. नऊ मीटर चढून नऊ मीटरवर मारलं तर ४५ अंश, आणि बाण दोन्ही फुप्फुसांऐवजी एकातूनच जाण्याची शक्यता वाढते. जखमी हरीण रात्रभर शोधण्यापेक्षा पाच-सहा मीटर पुरेत. फांद्या नसलेल्या खोडावर माणूस आभाळापुढे ठळक दिसतो, हे क्लायंबरचं खरं व्यंग. त्यासाठी पाठीमागे दुसरं जाड झाड किंवा दाट झाडी असलेलं खोड निवडा. जास्त उंची हा त्याच्यावरचा उपाय नाही.

निमुळतेपणाकडे परत येतो, कारण नवशिका सर्वांत जास्त इथेच चुकतो. केबलचा वळसा ठरलेल्या लांबीचा असतो. वर खोड बारीक झालं की वळसा सैल पडतो आणि प्लॅटफॉर्मची बाहेरची कड खाली झुकते. म्हणून जमिनीवर बांधताना बाहेरची कड मुद्दाम वर ठेवायची: खोड जवळजवळ सरळसोट असेल तर चार बोटं, चांगलंच निमुळतं असेल तर जवळपास वीतभर. वर पोचल्यावर ती सपाट किंवा किंचित वर असली पाहिजे, झुकलेली कधीच नको. मध्येच झुकायला लागली तर खाली उतरा, केबलचं एक भोक आवळा, पुन्हा चढा. वर असताना प्लॅटफॉर्मची केबल अडकवणारी पिन काढून भोक बदलायचं नाही, कितीही उशीर झालेला असो.

ती पिन प्रत्येक वेळी बोटाने चाचपा. डोळ्यांना ती आत गेल्यासारखी दिसते, पण टोकाची क्लिप पलीकडे उघडून बसलेली नसेल तर ती फक्त अडकलेली असते. केबलवर प्लास्टिकचं आवरण असतं. दर सीझनआधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढा. आवरणाला चीर, आत तांबूस गंज, किंवा जिथे केबल धातूच्या नळीत शिरते तिथे मोडल्यासारखा कोन लागला तर केबल बदला. वापरलेला क्लायंबर स्वस्तात मिळतो तो बहुधा याच जागी खराब असतो. गॅरेजमध्ये उंदीर पट्टे कुरतडतात, तेही बघा.

दोन्ही सांगाड्यांना जोडणारी दोरी बांधल्याशिवाय पाय उचलू नका. प्लॅटफॉर्म पावलांतून निसटला तर या दोरीमुळे तो कमरेखाली लटकतो आणि पायाने ओढून घेता येतो. दोरी नसेल तर तो सरळ बुंध्याशी जातो आणि माणूस वर बैठकीत अडकतो.

हार्नेस अंगभर पट्ट्यांचाच हवा, नुसता कमरपट्टा नको. नव्या मचाणाच्या खोक्यात तो येतो. चालतो, पण त्याची बकलं जड असतात. हलका वेगळा घेतलात तर रोज वापराल, म्हणून तिथे पैसे खर्च करा. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनी बदलायला सांगतात. झाडाचा पट्टा जमिनीवर पाय असतानाच खोडाला बांधा आणि वरच्या सांगाड्याबरोबर सरकवत न्या. बसल्यावर टेदर (हार्नेसला त्या पट्ट्याशी जोडणारी दोरी) डोक्याच्या वरच्या बाजूला आणि जवळजवळ ताणलेला हवा. सैल टेदर म्हणजे पडल्यावर मोठा झटका, आणि परत प्लॅटफॉर्मवर पाय न पोचणं. लटकलेल्या अवस्थेत मांडीच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकते. पाय टाकून उभं राहायचा रिलीफ पट्टा खिशात ठेवा, पिशवीत नको. फोनही छातीच्या खिशात. कुठल्या झाडावर आहात हे घरी कुणाला तरी कळवून जा.

बो कधीही हातात किंवा खांद्यावर घेऊन चढायचं नाही. आठ-नऊ मीटर दोरीचं एक टोक बोच्या लिंबला, म्हणजे वाकणाऱ्या बाहूला, बांधा, प्रत्यंचेला नको. बाण क्विव्हरमध्ये (भात्यात), ब्रॉडहेड (बाणांची धारदार पाती) पूर्ण झाकलेले. वर टेदर लागल्यावर दोरी ओढा.

आवाजाचं काम एका संध्याकाळचं आहे. जिथे धातूला धातू लागतो तिथे कापडी हॉकी टेपचे दोन वेढे द्या, केबल फोमच्या नळीत घाला, दोन्ही सांगाडे एकमेकांत बसवून पट्ट्याने करकचून बांधा. चालताना जाड जॅकेट मचाणावर बांधा आणि वर पोचल्यावर घाला. घामाने भिजलेला माणूस तासाभरात कुडकुडतो आणि हलायला लागतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. वरचं सगळं फक्त परवाना असलेल्या अमेरिकी सीझनसाठी आहे.

सीझन ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो, तोवर अंगणातल्या किंवा मित्राच्या शेतातल्या झाडावर एक मीटर उंचीपर्यंत किमान दहा वेळा चढा-उतरा. शेवटच्या दोन खेपा अंधारात, हेडलॅम्प लावून, शिकारीच्या पूर्ण कपड्यांत करा. एकदा हार्नेसमध्ये जमिनीपासून फूटभर वर मुद्दाम लटका, रिलीफ पट्ट्यात पाय घाला आणि परत उभं राहता येतं का बघा. शेजारी एक माणूस उभा असू द्या.