गाडी एका वेळी जेमतेम चार किलोमीटर चालते, तर इंजिन ऑइल कोणतं आणि कधी बदलावं?

तुम्ही लिहिलंय की पोर्शे 718 बॉक्सटर आहे, पुण्यात घर ते ऑफिस 4 किमी, वर्षाला जेमतेम 3000 किमी. मग ‘एवढ्यात कशाला बदलायचं?’ असं वाटणारच. पण तुमचं ऑइल किलोमीटरने नाही, गार राहून खराब होतंय.

कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा लवकर वर येतो, ऑइल मात्र बरंच मागे असतं. ते नीट तापलं नाही की त्यात उतरलेलं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ बाहेर पडत नाही. पेट्रोलमुळे ऑइल पातळ होतं, पाण्यामुळे गाळ धरतो. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी साठतंय असं समजा. टॉप-अप न करता स्क्रीनवर पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोलचा संशय घ्या.

म्हणून वर्षातून एकदा फिल्टरसकट बदलाच. मी तर सहा महिन्यांनी बदलेन. एवढ्या महागड्या इंजिनापुढे तो खर्च किरकोळ.

डब्यावरचा 0डब्ल्यू की 5डब्ल्यू हा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो; त्यावर डोकं शिणवू नका. तो फरक उणे 30-35 अंशांत मोजतात, पुण्यात थंडी कुठे एवढी! मॅन्युअलमध्ये दिलेली पोर्शेची मान्यता (उदा. ए40) डब्यावर छापलेली आहे का, ते बघा. ‘रेसिंग’ लिहिलेल्या जाड ऑइलच्या नादी लागू नका.

आणि रविवारी लोणावळ्यापर्यंत एक फेरी मारा. ऑइल तापेल, तुम्हालाही बरं वाटेल.