साइटची प्रत तुमच्या हातात आहे का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशा तक्रारी सोलापुरातून वारंवार येतात.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. वेबसाइटवर चारशेच्या वर डिझाइनचे फोटो होते. मागच्या महिन्यात साइट उघडली की जुगाराच्या जाहिराती दिसायला लागल्या आणि साइट जिच्या सर्व्हरवर ठेवली होती त्या होस्टिंग कंपनीने खाते बंद केले. पॅकेजमध्ये ‘डेली बॅकअप’ लिहिले होते. मागितला तर फक्त सात दिवसांचे निघाले, तेही सगळे बिघडलेले. साइट करून देणारा मुलगा पुण्याला गेला, आता फोन उचलत नाही. पैसे तर आम्ही दरवर्षी वेळेवर भरले आहेत. – एक कारखानदार

उत्तर : आधी तातडीचे सांगते. जुने खाते सोडू नका आणि त्यातले काहीही कुणाला पुसू देऊ नका. घुसखोर सहसा प्रोग्रामच्या फायलींत शिरतात, फोटो बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात. साइट वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रोग्रामवर असेल तर होस्टिंग कंपनीला लेखी कळवा की ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधले फोटोंचे ‘अपलोड्स’ फोल्डर आणि डेटाबेसची (साइटचा मजकूर आणि नोंदी साठवणाऱ्या भागाची) एसक्यूएल फाइल आम्हाला उतरवून घेऊ द्या. फोल्डर हातात आले की त्यातली प्रत्येक पीएचपी फाइल (म्हणजे प्रोग्रामची फाइल) काढून टाका, फोटोंच्या फोल्डरमध्ये तिचे काही काम नसते. वर्डप्रेस, थीम (साइटचे रूप) आणि प्लगइन (जोड-प्रोग्राम) मूळ ठिकाणाहून नव्याने घ्या, जुने परत चढवू नका. डेटाबेस चढवण्यापूर्वी माहितगाराकडून तपासून घ्या, त्यातही दुवे पेरलेले असू शकतात. साइटचे सगळे अधिकार असलेला अनोळखी ॲडमिन दिसला तर काढा, सगळे पासवर्ड बदला. एवढे करूनही काही सापडले नाही तर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर साइटचा पत्ता टाकून बघा. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, व्यापाऱ्यांना पाठवलेल्या पीडीएफ, फोटोग्राफरकडचे मूळ फोटो, हेही धुंडाळा. बरेचसे परत मिळते.

आता तुमचा खरा प्रश्न : पैसे भरले, मग बॅकअप गेला कुठे? ‘डेली’ या शब्दातून बॅकअप किती वेळा होतो एवढेच कळते. तो कुठे ठेवतात आणि किती दिवस ठेवतात, हे त्यात नाही. सात दिवसांचे चक्र असेल तर आठव्या दिवशी पहिली प्रत पुसली जाते. घुसलेला प्रोग्राम कधी कधी आठवडेच्या आठवडे गुपचूप पडून असतो. जाहिराती दिसायला लागेपर्यंत चांगल्या प्रती कधीच पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून रोजच्या प्रतींबरोबर महिन्याची एक प्रत बाजूला काढून निदान सहा महिने ठेवायची. आणखी एक. काही कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते की फायलींची संख्या अमुक एका मर्यादेपुढे गेली की त्या खात्याचा बॅकअप घेतला जाणार नाही. या मोजणीला ‘आयनोड’ म्हणतात. वर्डप्रेस एका फोटोच्या लहान-मोठ्या अनेक प्रती बनवतो आणि त्या खात्यातली प्रत्येक ईमेलही बहुधा एक फाइल म्हणून मोजली जाते. चारशे डिझाइन आणि वर्षानुवर्षांची चौकशीची पत्रे असली की ती मर्यादा वाटते तितकी लांब राहत नाही. ही अट तुमच्या करारात आहे का, ते आजच बघा.

मोठ्या कंपन्यांचे काय झाले तेही ऐका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांचे दोन्ही गेले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचे कोड साठवणाऱ्या कंपनीमध्ये एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकीचाही भरवसा उरला नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. तिथे सगळे निष्णात लोक होते. कमी पडली ती एकच गोष्ट : बॅकअप परत चढवून बघण्याची सवय.

तुमच्या धंद्यातलेच सांगायचे तर चादरीचे डिझाइन जकार्डच्या (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असायचे. पत्त्यांचा एकच संच मागावर टांगलेला असेल आणि शेडला आग लागली तर माग नवा आणता येतो, डिझाइन कुठून आणणार?

म्हणून तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कारखान्याबाहेर. एक चालू साइटची, दुसरी गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप जाणारी (अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन हे काम फुकट करते), तिसरी घरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क शेडमध्ये ठेवू नका. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. काम झाले की ती कॉम्प्युटरपासून काढूनही ठेवा, नाहीतर व्हायरस तिच्यातही शिरतो. आणि तीन महिन्यांतून एकदा लॅपटॉपवर झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर साइट चालवून बघायचा प्रोग्राम) टाकून त्यात ती प्रत उघडून बघा. सर्वांत शेवटी टाकलेले डिझाइन दिसले, तरच बॅकअप आहे असे समजा.

त्या मुलाबद्दल. डोमेन, म्हणजे साइटचे नाव, कुणाच्या नावावर आहे, हे आधी तपासा. त्याच्या ईमेलवर असेल तर साइटपेक्षा ते मोठे संकट आहे, कारण नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते. डॉट कॉम नाव मुदत संपून पुसले गेले तरी ३० दिवस जास्तीचे पैसे भरून परत मिळते, त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो. पूर्वीची बिले, तुम्ही भरलेल्या पैशांच्या नोंदी आणि कंपनीची कागदपत्रे घेऊन रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) लेखी अर्ज करा. मुलाचा फोन लागलाच तर भांडू नका, गोडीने नाव बदलून घ्या. पुढच्या वेळी डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवा, म्हणजे एक खाते बंद पडले तरी नाव तुमच्या हातात राहते.

प्रश्न : मी जुळे सोलापुरातून शेंगा चटणी, कडक भाकरी आणि मसाले विकते. वेबसाइटवर साठेक वस्तू आहेत. गड्डा यात्रेच्या आणि दिवाळीच्या दिवसांत ऑर्डर एकदम वाढतात, तेव्हाच साइट ‘५०८’ दाखवून थांबते. एक कंपनी महिना ९९ रुपयांत ‘अनलिमिटेड’ म्हणते. घेऊ का? – एक गृहउद्योजिका

उत्तर : ताई, नुसता ९९ चा आकडा बघून घेऊ नका. हा दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मुदत संपल्यावर दर दुप्पट-तिप्पट होतो. नूतनीकरणाचा दर विचारा आणि तोच धरून हिशेब करा.

‘५०८’चा अर्थ असा की एका सर्व्हरवर अनेक साइट असतात आणि तुमच्या वाट्याचा प्रोसेसर, मेमरी किंवा एका वेळी चालणाऱ्या विनंत्या संपल्या. जागेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ‘अनलिमिटेड’ जागेने ते सुटत नाही. साठ वस्तूंना असे चांगले शेअर्ड (वाटून घेतलेले) होस्टिंग पुरते, फक्त मुंबईतला सर्व्हर आणि कॅशिंगची (तयार पाने साठवून पटकन दाखवण्याची) सोय बघा. तुमचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असेल तर अमेरिकेतला सर्व्हर उगाच वेळ घालवतो. गर्दीच्या महिन्यापुरते वरचे पॅकेज घेऊन नंतर खाली येता येते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. रात्री नऊ-दहाला त्यांच्या मदत कक्षाला एखादा प्रश्न पाठवा. उत्तर कधी आणि कसे येते, ते बघून माझा निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा एका प्रश्नावर : पूर्ण बॅकअप मला तुम्हाला न विचारता उतरवता येतो का? येत नसेल, तर फुकट दिले तरी घेऊ नका.

दुकानाच्या साइटला रात्रीचा एक बॅकअप पुरत नाही. काल रात्रीची प्रत आज संध्याकाळी चढवली तर दिवसभराच्या ऑर्डर पुसल्या जातात आणि पैसे मात्र आलेले असतात. डेटाबेसची प्रत दर काही तासांनी घ्या, फोटो आठवड्याने घेतले तरी चालतात. ऑर्डरची ईमेल वेगळ्या खात्यावर येऊ द्या, ती शेवटचा आधार आहे. डेटाबेसच्या प्रतीत गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, फोन असतात, तेव्हा तिला पासवर्ड लावा आणि दुकानातल्या पोराच्या पेन ड्राइव्हवर जाऊ देऊ नका.

प्रश्न : मंगळवेढा, सांगोला भागातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या आणि टाइप करून साइटवर ठेवल्या आहेत. पेन ड्राइव्हवर प्रत आहे. पुरेशी आहे का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, मुळीच नाही. गाणाऱ्यांपैकी काही जणी आज नसतील, ते रेकॉर्डिंग पुन्हा करता येणार नाही. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातला मजकूर आपोआपही जाऊ शकतो. दोन हार्ड डिस्क घ्या, एक सोलापुरात आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

मराठीची एक अडचण बॅकअपच्या पुस्तकांत सापडत नाही, ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. तो सगळा युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि साध्या टेक्स्ट फायलींतही ठेवा. डेटाबेस उतरवताना आणि चढवताना दोन्हीकडे यूटीएफ-८ एमबी-४ (अक्षरे साठवण्याची पद्धत) असल्याची खात्री करा, नाहीतर ओव्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि ती पुन्हा ओवी होत नाही. आवाजाची मूळ वेव्ह फाइल पुसू नका, एमपी-३, म्हणजे लहान केलेली फाइल, फक्त साइटसाठी बनवा. प्रत्येक फाइलच्या नावात गाव, गाणारीचे नाव आणि तारीख असू द्या, फक्त तिचे नाव साइटवर टाकण्यापूर्वी तिच्या घरच्यांना विचारून घ्या.