इन्फ्रारेड हीटर घ्यायचा का? आधी घर बघा, मग हीटर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. थंड देशात भाड्याच्या घरात इन्फ्रारेड हीटर लावला तर बिल कमी येईल का? आणि तो येतानाच सोबत आणावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: आणू नका. काही देशांत वीज 230 व्होल्टची असते, काही ठिकाणी 110 ते 120 ची. व्होल्टेज निम्मं झालं की हीटरची ताकद पाव होते. 2000 वॅटचा हीटर तिथे जेमतेम 500 वॅट देईल. उलट कमी व्होल्टचा हीटर 230 ला लावला तर तो चौपट ताकद खेचू पाहतो आणि जळतो. व्होल्टेज सारखं असलं तरी पिना वेगळ्या असतात. प्रवासातले अॅडॉप्टर फोन-लॅपटॉपसाठी ठीक, पण तासन्‌तास 8-9 अँपिअर वाहून नेण्यासाठी ते बनवलेले नसतात. कित्येकांत अर्थिंगही जोडलेलं नसतं.

आता मुख्य प्रश्न. रॉडचा, तेलाचा, पंख्याचा किंवा इन्फ्रारेड, कुठलाही हीटर एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. त्यामुळे ‘60 टक्के बचत’ असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ती बचत यंत्रातून येऊच शकत नाही. ती येते कमी जागा तापवण्यातून. इन्फ्रारेड हवेऐवजी समोरचं अंग, खुर्ची, भिंत तापवतो, म्हणून खोलीची हवा एक-दोन अंशांनी थंड असली तरी माणसाला ऊब वाटते. टेबलापाशी बसून काम करताना 500 वॅटचं चपटं इन्फ्रारेड पॅनेल रोज 4 तास चाललं तर 2 युनिट, म्हणजे महिन्याला 60. तीच अख्खी खोली 1500 वॅटने 8 तास तापवली तर रोज 12 युनिट, महिन्याला 360. हा फरक खरा आहे, पण बाकीची खोली थंड ठेवली म्हणूनच तो पडतो.

अख्खं घर याच्यावर तापवायचा विचार मात्र सोडा. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढून आणणारं यंत्र) एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता देतो (कडाक्याच्या थंडीत कमी). गॅसचा बॉयलर (पाणी तापवून घर उबदार ठेवणारा) असेल तर थोडी उष्णता वाया जाते, म्हणून गॅसच्या युनिटचा (किलोवॅट-तासाचा) दर 0.9 ने भागा आणि विजेच्या दराशी ताडून बघा. म्हणून भाडेकरार करण्याआधी हीटिंग कशावर चालतं, ते भाड्यात धरलंय का आणि त्याचा ताबा तुमच्याकडे असेल का, हे विचारा. खिडक्यांना दुहेरी काच आहे का तेही बघा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे डोकवा. तिथे काळे डाग असतील तर घर ओल धरतं.

या ओलीबद्दल सविस्तर सांगतो, कारण नवीन आलेले लोक इथेच फसतात. हवा 20 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर साधारण 12 अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सुटायला लागतं. बुरशीला तर त्याआधीच पुरेशी ओल मिळते. तुम्ही फक्त टेबलापाशी ऊब ठेवली आणि झोपायची खोली गार सोडली, की आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्या गार भिंतीवर जाऊन बसते. मग बुरशी, आणि पाठोपाठ घरमालकाशी वाद. म्हणून घरातलं मूळ हीटिंग पूर्ण बंद करू नका. सगळ्या खोल्या 16-17 अंशांवर राहू द्या आणि इन्फ्रारेड वरची भर म्हणून वापरा. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या 5-10 मिनिटं सताड उघडा. दिवसभर फट ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत.

प्रकार मुख्यतः दोन. लाल-केशरी पेटणारी क्वार्ट्झ किंवा हॅलोजन नळी लगेच ऊब देते. बाथरूममध्ये किंवा वाऱ्याच्या जागी ती चांगली, पण एकच बाजू भाजते. चपटं पॅनेल साधारण 80 ते 110 अंशांपर्यंत तापतं, आवाज करत नाही, डोळ्यांवर येत नाही. रोज बसायच्या जागेसाठी मी पॅनेलच घ्यायला सांगेन.

मूळ हीटिंग नसलेली खोली तापवायचीच असेल तर बंदिस्त, नव्या बांधणीच्या घरात चौरस मीटरला 50-60 वॅट धरा, जुन्या घरात 100. म्हणजे 12 चौरस मीटरला 600 ते 1200 वॅट. ‘300 वॅटमध्ये अख्खी खोली’ सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

पॅनेलची सर्वात चांगली जागा म्हणजे छत, पण भोकं पाडायला घरमालकाची लेखी परवानगी घ्या. भिंतीवर लावलंत तर तोंड खिडकीकडे नको, कारण काच ही उष्णता शोषते आणि बरीचशी बाहेर टाकते. समोर मीटरभर सोफा, पडदा, कपाट नको. थर्मोस्टॅटवर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या भागावर) थेट झळ पडली तर तो फसतो आणि हीटर लवकर बंद करतो.

एक्स्टेंशन बोर्डावर कुठलाही हीटर लावू नका. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल किंवा खराब असू शकतं, वापर थांबवा. 120 व्होल्टवर 1500 वॅट म्हणजे 12.5 अँपिअर. 15 अँपिअरच्या त्याच लाइनवर किटली लावली की ब्रेकर पडणारच. आडवा पडल्यावर आपोआप बंद होणाराच हीटर घ्या, त्यावर कपडे वाळवू नका. बाथरूमसाठी किमान आयपी 44 दर्जाचा (पाण्याचे शिंतोडे आत जाऊ न देणारा), भिंतीत पक्का बसवलेला हवा, आणि तो बसवायचं काम इलेक्ट्रिशियनचं.

रोज अगदी जवळ बसलं तर नडग्यांवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग येतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजलेलं कळतही नाही, त्यामुळे आईवडील सोबत येणार असतील तर हीटर त्यांच्या पायांपासून लांब ठेवा.

खरेदी पहिले दोन-तीन आठवडे राहून झाल्यावर करा. सोबत सॉकेटमध्ये बसणारा छोटा वीजमापक घ्या, आठवडाभर हीटरचे युनिट लिहून ठेवा आणि तुमच्या दराने गुणा.