आईचं सोनं आटवण्याआधी

सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. दिवंगत आईकडून आलेलं १२० ग्रॅम सोनं त्यांच्याकडे आहे: ७० ग्रॅमच्या चार पाटल्या, ३५ ग्रॅमची मोहनमाळ, बाकी तुटक्या कुड्या आणि अंगठ्या. आईचं लग्न १९६४ चं, त्यामुळे कशावरच हॉलमार्क नाही. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाने सगळं २० कॅरेट धरून त्या बदल्यात टेम्पल सेट देऊ केला आहे, घडणावळ १८ टक्के. घ्यावा का?

ताई, सगळं देऊ नका.

आधी ग्रॅममध्ये हिशेब मांडू, म्हणजे रोजच्या भावाचा गोंधळ नको. १२० ग्रॅम २० कॅरेट म्हणजे १०० ग्रॅम चोख सोनं. त्यातून २२ कॅरेटचे १०९ ग्रॅम दागिने व्हायला हवेत. पण घडणावळ १८ टक्के, आणि सोनं व घडणावळ या दोन्हींवर ३ टक्के जीएसटी. हे वजा जाता हातात येतात साधारण ९० ग्रॅम. जवळपास दोन तोळे सोनं पहिल्याच दिवशी गेलं, आणि दुकानाने घट, म्हणजे आटवताना कमी होणारं वजन, कापली तर आणखी थोडं.

मला जास्त खटकतं ते 'सरसकट २० कॅरेट'. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवण्यावर बंदी आली, ती १९६६ मध्ये उठली. तुमच्या आईचं लग्न नेमकं त्या काळातलं. लग्नात घडवलेला एखादा दागिना १४ कॅरेटचा असू शकतो, आणि आजीकडून आलेल्या पाटल्या २२ च्याही. पाटल्या २२ च्या निघाल्या आणि दुकानाने २० धरल्या, तर जवळपास सहा ग्रॅम चोख सोनं तुम्ही फुकट दिलंत.

म्हणून प्रत्येक नग हॉलमार्किंग केंद्रात वेगळा तपासून घ्या. शुल्क किरकोळ आहे. दुकानातलं यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं, त्यामुळे झाळलेल्या, म्हणजे धातू वितळवून जोडलेल्या, जागी आकडा फसवा येतो. झाळ दागिन्याच्या आधी वितळावी लागते, म्हणून तिच्यात चांदी-तांबं जास्त मिसळतात. पूर्वी कॅडमियमही घालत. त्याचा धूर कारागिरांची फुप्फुसं खराब करायचा. मोहनमाळेत मणी जितके, तितके सांधे. आटवली की त्या सगळ्या झाळीने मुशीतल्या सोन्याचा कस उतरतो. मण्यांत लाख असेल तर तिचं वजनही वजा होईल.

मोहनमाळ आटवूच नये असं माझं मत आहे. पातळ पत्रा ठशात ठोकून, अर्धे गोल जोडून हाताने मणी घडवायची मजुरी आज पुन्हा मोजायची झाली तर तिचं मोल तुमच्या लक्षात येईल. नव्या दोऱ्यात ओवून घ्या. पाटल्यांना उजाळा द्या, पण आधी आणि नंतर वजन करून घ्या. रसायनाच्या उजाळ्यात सोनं जातं.

आटवायच्या त्या तुटक्या कुड्या-अंगठ्या. आटणी तुमच्या समोर होऊ द्या, खडे काढून आधी वजन घ्या, आटवल्यावर पुन्हा वजन आणि कस. मुलीला टेम्पल हारच हवा असेल तर या सोन्यात थोडी भर घालून एकच हार करा. रविवार पेठेतल्या कारागिराकडून स्वतःचं सोनं देऊन घडवलंत तर जीएसटी फक्त मजुरीवर. मात्र हॉलमार्क नोंदणीकृत सराफामार्फतच होतं, तेव्हा अशा सराफामार्फतच काम द्या आणि सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासा.

कराचंही ध्यानात असू द्या. दुकानाशी अदलाबदल म्हणजे कायद्याने विक्रीच, रोख हातात आली नाही तरी. वारशाच्या जुन्या सोन्याला १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो आणि वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. तोच दागिना मुलीला तसाच दिलात तर कर नाही.

दुकानाला आगाऊ रक्कम देण्याआधी पाटल्यांचा तपासणी अहवाल हातात घ्या. त्या २२ कॅरेटच्या निघाल्या तर मुलीच्या हातात तशाच घाला.