मातीच्या टेकाडावरचा लाकडी किल्ला, म्हणजे मॉट किल्ला, पूर्ण नाहीसा झाला असेल, तर त्याचा इतिहास कळतो कसा?

वेल्सच्या सीमेवर मॉन्टगोमेरी गावाजवळ असलेल्या हेन डोमेन या किल्ल्यावरून हे नीट समजतं. श्रूझबरीचा अर्ल रॉजर याने १०७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सेव्हर्न नदी पायी ओलांडायची उथळ जागा ताब्यात ठेवायला हा किल्ला बांधला. १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत) त्याची नोंद आहे. १०९५ मध्ये वेल्शांनी तो घेतला. ११०२ मध्ये रॉजरच्या मुलाने बंड केलं, जहागीर गेली आणि पुढे किल्ला बाल्डविन द बूलेच्या घराण्याकडे आला.

पद्धत सोपी होती: गोल खंदक खणायचा, निघालेली माती आत रचून टेकाड (मॉट) उभं करायचं, माथ्यावर लाकडी बुरूज आणि पायथ्याशी मेढेकोटाने वेढलेलं आवार, म्हणजे बेली. सह्याद्रीत कडा आयता मिळतो, इथे उंची फावड्याने मिळवावी लागली. हेन डोमेनचं टेकाड सुमारे ८ मीटर आहे.

असे किल्ले जळून गेले असं सर्रास सांगितलं जातं. काही जळलेही, पण बहुतेकांना ओल पुरते. पुरलेला खांब टोकाशी नव्हे, जमिनीलगत कुजतो, कारण हवा आणि ओल दोन्ही तिथेच मिळतात. ओकचा खांबही काही दशकांनी बदलावा लागतो. त्यामुळे एकाच जागी खड्ड्यांवर खड्डे पडतात आणि इतिहास त्यांच्या क्रमात सापडतो: जो खड्डा दुसऱ्याला कापतो, तो नंतरचा.

खरी अडचण पुढच्या टप्प्यातल्या इमारतींची. त्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या तुळयांवर उभ्या होत्या, म्हणजे खड्डाच नाही. उरतं काय? पागोळ्यांनी पाडलेली बारीक ओळ, पायांनी घासलेले गोटे, मातीच्या रंगातला किंचित फरक. अरुंद चर खणला तर यातलं काहीही दिसत नाही आणि ‘बेली रिकामी होती’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी म्हणूनच १९६० पासून बेलीचा सलग मोठा भाग उघडला आणि थर एकेक करून थापीने खरवडला. काम १९९२ पर्यंत चाललं. जिथे मोकळं आवार अपेक्षित होतं, तिथे दाटीने बांधलेल्या इमारती निघाल्या. वस्तू मात्र फारच थोड्या. तटाखाली तर किल्ल्याच्याही आधीच्या शेताचे सरी-वरंबे सापडले. माझ्या मते सगळ्या उत्खननातला हा सर्वांत मोलाचा शोध.

१२२३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने दीडेक किलोमीटरवर, नैसर्गिक खडकावर दगडी किल्ला सुरू केला आणि जुन्याचं महत्त्व घटलं. जुन्या टेकाडावरच दगड का चढवला नाही? रचलेली माती खचत राहते. इंग्लंडमधल्या यॉर्कला अशाच टेकाडावर दगडी बुरूज बांधला, तो १३६० च्या सुमारास वरपासून खालपर्यंत तडकला.